खाज बांगड्याची की कोंबडीची? कुत्र्यांच्या खाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत खाजेचे आणि बिघडलेल्या पोटाचे प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकावर टाकावे लागले. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. कुत्र्याला तपासल्याशिवाय औषधाची मात्रा सांगणं आम्हाला पटत नाही. खाण्याचं मात्र मापासकट सांगतो.

प्रश्न (रत्नागिरी): आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा, २८ किलोचा आहे. बाराही महिने कान खाजवतो, पंजे चाटून लाल करतो. "चिकन बंद करा, मासे-भात द्या" असा सल्ला मिळाला, म्हणून दोन महिने बांगडा-भात दिला. काडीचा फरक नाही. म्हणजे त्याला अन्नाची अ‍ॅलर्जी नाही असं समजायचं का?

उत्तर: नाही. या दोन महिन्यांतून काहीच सिद्ध झालेलं नाही, ना बाजूने ना विरुद्ध.

अन्नाची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा एखाद्या प्रथिनाची असते, आणि शरीराला जे प्रथिन ओळखीचं झालेलं आहे त्याचीच होते. म्हणून तपासणीसाठी असं प्रथिन निवडायचं, की जे या कुत्र्याने जन्मात खाल्लेलं नाही. "मासे द्या" हा सल्ला जिथून आला तिथे तो बरोबर आहे. घाटावरच्या फ्लॅटमध्ये ड्राय फूडवर वाढलेल्या कुत्र्याला मासा नवा असतो. किनाऱ्यावरच्या घरात पिल्लू आईचं दूध सोडतं तेच बांगड्याच्या डोक्यावर. भातात सुकटीचा चुरा असतो, मागच्या दारी मासे साफ केले की खवले-आतडी त्याची, आणि विळी धुवायच्या आधी चाटून पुसून तोच लख्ख करतो. अशा कुत्र्यावर मासे-भाताचा प्रयोग करणं म्हणजे संशयितालाच साक्षीला उभं करणं.

मासा हाच गुन्हेगार आहे असंही आम्ही म्हणत नाही. कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळतात त्या गाई-म्हशीचं मांस, दूध व दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांच्या अ‍ॅलर्जी. मासा यादीत बराच खाली येतो. तुमच्याकडे चिकन बंद झालं, पण चपाती, चहातलं बिस्किट आणि दूध चालूच असेल, तर पहिल्या चारांतले दोन अजून ताटात आहेत.

नवी तपासणी सुरू करण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. एक, कान डॉक्टरांना दाखवा. कानात यीस्ट (एक बुरशी) किंवा जिवाणूंचा संसर्ग झालेला असेल तर जेवण कितीही बदललं तरी तो आपोआप जात नाही आणि खाजही थांबत नाही. दोन, पिसवा आणि गोचिडांचा बंदोबस्त पक्का करा. शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर खाज असेल तर पहिला संशय पिसवांवर. कान, पंजे, काखा, जांघा, गुदद्वाराभोवतीचा भाग इथली खाज अन्नाची असू शकते, तशीच धुळीतल्या माइट्सचीही (डोळ्यांना न दिसणारे किडे). दोन्ही दिसायला सारख्याच. वेगळं काढायला चाचणी-आहाराशिवाय (ठरावीक आठवडे फक्त नव्या प्रथिनाचं जेवण) दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

प्रश्न (याच विषयावर चिपळूण, देवगड, अलिबाग): मग चाचणी-आहारात द्यायचं काय, किती आणि किती दिवस?

उत्तर: कागदावर यादी करा: पिल्लूपणापासून आजवर काय काय पोटात गेलं. घरातल्या सगळ्यांना विचारा, शेजाऱ्यांनाही. आजी-आजोबांची माहिती सर्वांत खरी निघते, कारण गुपचूप तेच देत असतात. यादीत जे नाही ते निवडायचं. मटण घरात क्वचित येत असेल आणि हाडंही कधी दिली नसतील तर बोकडाचं मटण चालेल. मात्र गाई-म्हशीच्या मांसाची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही कुत्र्यांना शेळी-मेंढीचंही सोसत नाही, हे लक्षात ठेवा. ज्या घरांत डुकराचं मांस आणता येतं तिथे तो चांगला पर्याय. बदक नको, ते कोंबडीच्या फार जवळचं.

सगळंच खाऊन झालं असेल तर हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं ड्राय फूड घ्यावं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणयंत्रणा बहुधा ते ओळखत नाही. महाग असतं आणि तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं. डॉक्टरांमार्फत मागवा, आणि आठ आठवड्यांचं एकदम मागवा. मधेच पोतं संपलं आणि चार दिवस दुसरं दिलं की मोजणी पुन्हा शून्यापासून.

घरी शिजवायचं तर २८ किलोच्या, फार न धावणाऱ्या कुत्र्याचं दिवसाचं माप असं: बिनहाडाचं, चरबी काढलेलं मटण ४०० ग्रॅम (कच्चं वजन), तांदूळ १३० ग्रॅम (कच्चे), तांबडा भोपळा १०० ग्रॅम, रिफाइंड सूर्यफूल तेल एक मोठा चमचा. हे साधारण १,१०० कॅलरींच्या आसपास जातं. १५ किलोच्या गावठी कुत्र्याला याच्या दोन-तृतीयांशाहून थोडं कमी. मटण-भोपळा कुकरला मऊ करा, भात वेगळा, तेल वरून कच्चं. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर नाहीच नाही, कारण दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मटणाचं वाटण लावलेलं पातेलं खरवडून देणंही त्यातच आलं. घाण्याचं खोबरेल आपल्याकडे मुबलक, पण इथे ते तेलाऐवजी चालत नाही. कातडीला लागणारं लिनोलेइक आम्ल त्यात नावाला असतं.

बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची साधी, बिनचवीची पूड रोज ३ ग्रॅम जेवणात मिसळा. काट्यावर मोजा, अंदाजाने नको. एरवी आम्ही अंड्याच्या टरफलाची पूड सांगतो, पण टरफलाला आतून अंड्याचा पापुद्रा असतो, आणि अंडंही संशयितांत आहे. हे जेवण मोठ्या, एरवी निरोगी कुत्र्याला आठ आठवड्यांपुरतं ठीक. कायमचं करायचं तर जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची जोड लागते. ती डॉक्टरांकडून बसवून घ्या. वाढत्या पिल्लाला हे जेवण देऊ नका.

मुदत आठ आठवडे. पोटाची तक्रार असेल तर दोन-तीन आठवड्यांतच शी बांधून यायला लागते. कातडी उशिरा बोलते. पाचव्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे खूप. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असे गुण द्या आणि कॅलेंडरवर लिहा. आठवणीवर गेलं तर कालच्यापेक्षा आज बरंच वाटतं.

फरक पडला, तरी काम अर्धंच झालं. आता जुनं जेवण मुद्दाम परत सुरू करायचं. अ‍ॅलर्जी असेल तर काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत खाज किंवा जुलाब परत येतात. हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात: बरं झालंय, कशाला उगाच? पण बरं वाटलं ते जेवणाने, की पाऊस संपला म्हणून, की पिसवांच्या औषधाने, हे दुसऱ्या कुठल्याही रीतीने कळत नाही. खाज परतली की पुन्हा चाचणीचं जेवण, ती शमली की एकेक जिन्नस तपासायचा: कोंबडी दोन आठवडे, मग अंडं, मग दूध, गहू, शेवटी बांगडा. ज्याच्यावर खाज उठेल ते आयुष्यभर बंद, बाकीचं खुशाल द्या. बहुतेकांना एक-दोन जिनसांचंच वावडं निघतं, आणि घरात पुन्हा स्वस्तातलं जेवण शिजू लागतं.

फसतं कुठे, तेही सांगतो. जंताच्या आणि गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते. त्या दोन महिन्यांत मानेवर टाकायचं औषध वापरा. साध्या गोळ्या तुपात किंवा पेढ्यात लपवून देऊ नका, चाचणीच्या मटणातच द्या. कातड्याची चघळायची हाडं बंद. मांजराची बशी उंचावर. आणि ज्या पडवीत सगळ्यांची जेवणं होतात तिथे त्याला जेवणाच्या वेळी बांधाच. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याची ही चाचणी होत नाही. त्याला दोन महिने आवारात ठेवणं जमणार नसेल तर सुरुवातच करू नका, मटणाचे पैसे वाचतील.

प्रश्न (पनवेल): केस किंवा रक्त पाठवून अ‍ॅलर्जीचा पूर्ण तक्ता मिळतो म्हणे. तो सोपा नाही का?

उत्तर: सोपा आहे; उपयोगाचा नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त, लाळ, केस यांच्या तपासण्या भरवशाच्या ठरलेल्या नाहीत. ठणठणीत कुत्र्याच्या अहवालातही दहा पदार्थांपुढे फुली येते. रक्त-तपासणीचा खर्च करायचाच तर गोचीडतापासाठी करा.

प्रश्न (हर्णै): संध्याकाळी आणलेला बांगडा उकडून घातला आणि अर्ध्या तासात कुत्र्याचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, अंगावर गांध्या उठल्या, उलटीही झाली. डॉक्टरांच्या इंजेक्शनने उतरलं. इतकी वर्षं बांगडा खातोय, आता अ‍ॅलर्जी झाली का?

उत्तर: अन्नाची नेहमीची अ‍ॅलर्जी अशी घड्याळ लावून येत नाही, ती दिवसांनी आणि आठवड्यांनी खाजेच्या रूपाने दिसते. असं एकाएकी तोंड सुजतं तेव्हा पहिला संशय मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्याचा. माशीवर झडप घालणं हा कुत्र्यांचा खेळच. नाकपुड्या, ओठ, जिभेखाली माशीचा काटा रुतलाय का ते पाहायला हवं होतं.

दुसरी शक्यता माशातच आहे. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात किंवा टोपलीत तसाच राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि गांध्या, सूज, उलटी हे सगळं हिस्टामाइनचंच काम. एकदा तयार झालं की ते उकडून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. वासावरूनही दरवेळी कळत नाही. सकाळच्या होडीचा मासा संध्याकाळपर्यंत बिनबर्फाचा राहिला असेल तर दोष माशाचा नाही, ठेवण्याचा आहे. "माणसांना नको, कुत्र्याला घाल" या हिशेबाने नेमका असाच मासा त्याच्या ताटात येतो.

त्याच मासळीने घरातल्या आणखी कुणाला तोंड लाल होणं, डोकं दुखणं असं झालं होतं का, आठवून पाहा. झालं असेल तर उलगडा झाला. पुढे बांगडा द्यायचा तर ताजा, बर्फातला, लगेच साफ करून शिजवलेला आणि काटा काढलेला. पहिल्या खेपेला चमचाभर, दिवसाउजेडी, दवाखाना उघडा असताना. कच्चा मात्र देऊ नका. काही माशांतलं एक एन्झाइम ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि ते शिजवल्यावरच निकामी होतं. खारा बांगडा मिठामुळे वर्ज्य. आणि सूज घशाकडे सरकली, श्वास लागला किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर घरगुती उपाय करत बसायची ती वेळ नव्हे.

प्रश्न (वेंगुर्ला): दूध दिला की आमच्या मोत्याक जुलाब होतत. मगे ताक दिला तर चलात काय?

उत्तर: चलात, पण थोडा आणि बिनमिठाचा. मोठ्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी झालेलं असतं, म्हणून वाटीभर दुधाने पोट सुटतं आणि दोन चमच्यांनी काही होत नाही. ही अ‍ॅलर्जी नव्हे. दह्या-ताकात ती साखर बरीच कमी असते. मात्र दोन चमच्यांनीही कान खाजू लागले तर प्रश्न साखरेचा नाही, प्रथिनाचा आहे. मग ताकही बंद, पेढाही बंद.

प्रश्न (राजापूर, गुहागर, मुरुड): दरवर्षी जूनमध्ये कुत्र्याचं पोट बिघडतं. पावसाचं पाणी बाधतं का?

उत्तर: पाणी बाधतंही, डबक्यातल्या पाण्यातून जिआर्डियासारखे जीव पोटात जातात, आणि ओल्या मातीत हुकवर्म या जंताच्या अळ्या चांगल्या जगतात. त्यामुळे शीचा ताजा नमुना तपासून घेणं हे पहिलं काम, जेवण बदलणं दुसरं. पण जूनचं आणखी एक कारण किनाऱ्यावर कुणी मोजत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ३१ मेपर्यंत मासे-भात खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटात १ जूनला एकदम सुकट, डाळ-भात किंवा दुकानातलं पोतं येतं. कुत्र्याचं आतडं इतका झटपट बदल सोसत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बदल सुरू करा: दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. नारळी पौर्णिमेनंतर मासे परत येतात तेव्हाही हीच रीत.

पोट सुटलंच, पण कुत्रं तरतरीत आहे, पाणी पितंय, उलटी नाही, तर उपाशी ठेवू नका. सुरय (न उकडलेल्या) तांदळाची मऊ पेज करा: एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी, मीठ नाही, दाणा बोटाने सहज मोडेपर्यंत. उकड्या तांदळाची पेज आपल्याला प्यारी, पण तांबड्या उकड्याला कोंडा राहतो आणि दाणा शिजूनही ताठ असतो. पोट सुटलेलं असताना तो नको. तीन वाट्या पेजेला एक वाटी उकडलेली, कातडी-चरबी काढलेली कोंबडीची छाती कुसकरून घाला. कोंबडीचं वावडं असेल तर सोसणारा पांढरा मासा, काटा काढून. दिवसाचं जेवण पाच भागांत द्या. शी बांधली की एकदम जुन्या ताटावर न जाता आठवडाभरात सरकवत न्या. नुसती पेज आठवडेच्या आठवडे देणारेही आहेत. शी घट्ट दिसते आणि कुत्रं आतून वाळत जातं.

जूनमधला तिसरा गुन्हेगार म्हणजे पोतं. पावसाळी हवेत ड्राय फूडला बुरशी लागते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करतं. तेही शिजवून जात नाही. साठवणीतले माइट्सही दमट खाद्यात वाढतात. माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला त्यानेच खाज सुटते आणि दोष मात्र खाद्यातल्या कोंबडीला मिळतो. पावसाळ्यात मोठं पोतं घेऊच नका. छोटं पाकीट, तेही मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, महिन्याभरात संपेल एवढंच. जुना चुरा डब्यात तळाला ठेवून वर नवं ओतायचं नाही. भिजलेलं, गोळा झालेलं, कुबट वास येणारं खाद्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका.

दवाखाना कधी? लसीकरण न झालेल्या पिल्लाला उलटी आणि रक्ताचे जुलाब झाले तर तासाभरात, कारण तो पार्वो (विषाणूचा जीवघेणा आजार) असू शकतो आणि तिथे पेजेने काही होत नाही. मोठ्या कुत्र्यात पाणीही उलटून पडत असेल, शी डांबरासारखी काळी असेल, किंवा दोन दिवसांत उतार नसेल तर त्याच दिवशी. पावसाळ्यात ताप, उलट्या आणि पिवळे डोळे-हिरड्या दिसल्या तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) धरूनच चाला. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घालून साफ करा. माणसांच्या दुखण्या-तापाच्या गोळ्या देऊ नका; पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरतात.

प्रश्न (महाड): पहाटे पिवळी, फेसाळ उलटी करतो. मग दिवसभर ठीक.

उत्तर: बहुधा रिकाम्या पोटी पित्त वर येतंय. संध्याकाळी सातचं एकच मोठं जेवण असेल तर ते तोडा, आणि झोपण्यापूर्वी मूठभर भात किंवा नेहमीचं खाद्य द्या. चार-पाच दिवसांत थांबायला हवं. वजन उतरत असेल, किंवा पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून उभा राहत असेल, तर हे पित्त नव्हे. स्वादुपिंडाची सूज असू शकते. विशेषतः आदल्या दिवशी मटणाची चरबी किंवा तळलेल्या माशाचा खरपूस चुरा मिळाला असेल तर.

प्रश्न (आचरा): रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की आमची कुत्री किनाऱ्यावर टाकलेले मासे खाते आणि घरी येऊन ओकते. पोट नाजूक आहे म्हणायचं का?

उत्तर: पोटाचं नंतर पाहू. रापणीतून बाहेर टाकलेल्या मासळीत केंड असतो, तो फुगणारा. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं आणि त्यावर उतारा नाही. ओकल्यानंतर पाय लटपटले, जीभ लुळी वाटली, श्वास मंद झाला तर गाडी काढा. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर वाचण्याची आशा असते. किनाऱ्यावर नेताना जाळीचं मुसकं घाला. कापडी, तोंड आवळणारं नको, त्यात तिला धापता येत नाही आणि कोकणच्या उन्हात ते वेगळंच संकट. मुसक्याच्या जाळीतून जीभ बाहेर येईल आणि पाणी पिता येईल एवढी जागा हवी, पण पुढची भोकं मासा आत ओढता येणार नाही इतकी बारीक. सुरुवातीला घरातच, आत बोटभर भात लावून, पाच-पाच मिनिटं सवय करा.